आडवी वही

औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, एका हातात रिपोर्टांची फाईल आणि दुसऱ्या हाताने स्वतःचेच खिसे चाचपणं चाललेलं. पलीकडून कुणीतरी इंजेक्शनचं नाव सांगत होतं आणि यांच्याजवळ ते उतरवून घ्यायला काही नव्हतं. "साहेब, एखादा कागद मिळेल का?" माझ्या शर्टाच्या खिशातून वही डोकावत होती, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. शेवटचं पान फाडून दिलं, पेनही दिलं. त्यांनी भिंतीवर कागद टेकवून नाव लिहिलं, स्पेलिंग पुन्हा विचारून खात्री केली, पेन परत केलं आणि निघून गेले. संध्याकाळी घरी वही उघडली तर पहिलं पान अलगद मांडीवर पडलं. शेवटचं फाडलं की पहिलं सुटतं. मधोमध पिना मारलेल्या वहीत ही दोन पानं म्हणजे एकाच कागदाचे दोन अर्धे. छापखान्याच्या वासात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. तरी ते सुटलेलं पान काही दिवस डोक्यातून जाईना, कारण वही साधी नव्हती. ती एका विशिष्ट पुस्तकासारखी दिसावी म्हणून मुद्दाम घडवलेली होती, आणि ते पुस्तक फाडण्यासाठी प्रसिद्ध होतं.

वही भाच्याने आणलेली. तो शिकागोजवळ राहतो आणि सुट्टीत येताना माझ्यासाठी दरवेळी काहीतरी कागदी आणतो. यंदा तीन वह्यांचा संच होता, भोवती कागदाचा पट्टा. वह्या आडव्या, म्हणजे रुंदी जास्त, उंची कमी, आणि बांधणी डावीकडच्या आखूड बाजूला. मुखपृष्ठ जरा भडक, जुन्या शाईच्या रंगांचं. त्यावर एका बाजूला उभ्या पुस्तकाचं छोटं चित्र, खाली रंगीत पट्टी. आतला कागद फिकट पिवळसर, रेघा नसलेला. पट्ट्यावरच्या मजकुरात लिहिलं होतं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी जी खिशातली पुस्तकं छापली गेली त्यांच्यावरून या वह्यांचं रूप घेतलंय. "मामा, तुला असलं काही बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही ना, म्हणून घेतल्या." किंमत त्याने सांगितली नाही. मी नंतर इंटरनेटवर पाहिली आणि गप्प बसलो. तेवढ्यात अप्पा बळवंत चौकातून वर्षभराच्या वह्या आल्या असत्या आणि वर रिक्षाचे पैसे सुटले असते.

ज्यांची नक्कल आहे त्यांतलं एक पुस्तक एकेकाळी माझ्याकडे होतं. कॉलेजात असताना मुंबईला गेलं की फाउंटनच्या फुटपाथवर एक चक्कर ठरलेली. तिथल्या एका ढिगात ते सापडलं. आधी मला ते कुठल्यातरी बंद पडलेल्या संस्थेचं पावतीपुस्तक वाटलं. उघडलं तर काउबॉयची कादंबरी. कागद तपकिरी झालेला, कडा बोटांना लागताच भुगा होणारी, पिनेचा गंज आतल्या पानांत उतरलेला. प्रत्येक पानावर मजकुराचे दोन स्तंभ, वर्तमानपत्रात असतात तसे. मुखपृष्ठावर मूळ पुस्तकाच्या वेष्टनाचं चित्र, आणि हे पूर्ण पुस्तक आहे, संक्षेप नाही, असं खाली ठणकावून सांगितलेलं. "फौजी लोगों का है," एवढीच माहिती विक्रेत्याने दिली. अमेरिकन फौज युद्धात आपल्याकडे होती, कलकत्त्यात होती, आसामात लेडोच्या रस्त्यावर होती. ती प्रत कुठून कुणाच्या खिशातून फुटपाथपर्यंत आली ते तिलाच ठाऊक. घर बदलताना एका खोक्याला वाळवी लागली, त्यात ती गेली. तेव्हा फार वाईट वाटलं असंही नाही. कादंबरी अगदीच सुमार होती.

पण ते आडवेपण लक्षात राहिलं. पुढे या पुस्तकांविषयी मिळेल ते वाचत गेलो.

त्यांचं नाव आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या ग्रंथपालांनी आधी लोकांकडून पुस्तकं गोळा करून सैनिकांना पाठवायची मोहीम काढली. लोकांनी भरभरून दिली, आणि भरभरून दान मिळालं की जे होतं तेच झालं. माळ्यावरचं सगळं बाहेर आलं. जाडजूड पुठ्ठ्याची, वजनदार, कुणालाही नको असलेली पुस्तकं. त्यात विणकाम शिकवणारीसुद्धा. जो माणूस दाढीचं सामान आणि दारूगोळा एकाच पाठीवर वाहतो त्याला पुठ्ठ्याची कादंबरी कशी परवडणार? प्रकाशक, ग्रंथपाल आणि विक्रेते यांनी 1942 मध्ये एक परिषद स्थापन केली होती. तिने ठरवलं की सैनिकांसाठी पुस्तकं वेगळीच छापायची. 1943 च्या पहिल्या संचात 30 पुस्तकं होती, प्रत्येकाच्या 50,000 प्रती. 1947 मध्ये काम थांबलं तोवर क्रमांक 1322 पर्यंत गेला होता आणि 12 कोटींहून जास्त प्रती जगभर पांगल्या होत्या. सरकारला एक प्रत साधारण 6 सेंटला पडायची. मानधन प्रतीमागे 1 सेंट, आणि तेही लेखक आणि मूळ प्रकाशकाने निम्मं निम्मं वाटून घ्यायचं. हा हिशेब वाचताना आपल्याकडच्या काही लेखकांना तो उदारही वाटेल, पण ते असो.

मला वाटायचं की खिशात मावावं म्हणून पुस्तक आडवं केलं. खिशाने फक्त माप ठरवलं. आडवं ते यंत्रामुळे झालं. इतक्या प्रती इतक्या स्वस्तात द्यायच्या तर नेहमीच्या पुस्तकी छपाईने भागणार नव्हतं. मासिकं छापणारी मोठी वेगवान यंत्रं वापरावी लागली. डायजेस्टच्या आकाराची मासिकं काढणारी काही, आणि त्याहून मोठ्या आकाराची, रहस्यकथांची स्वस्त मासिकं काढणारी काही. पण मासिकाचं पान खिशाला मोठं. मग युक्ती अशी की एका पानावर दोन पुस्तकं छापायची, एक वर आणि एक खाली, गठ्ठा बांधायचा आणि शेवटी मधून आडवा काप द्यायचा. उभ्या मासिकाचे दोन आडवे तुकडे. लहान आकाराचं पुस्तक त्यामुळे 5.5 इंच रुंद आणि जेमतेम 4 इंच उंच निघालं. इतक्या रुंद पानावर बारीक टाइपाची सलग ओळ वाचताना डोळा पुढची ओळ चुकतो, तंबूतल्या कंदिलाच्या उजेडात तर नक्कीच, म्हणून दोन स्तंभ. दमट हवेत गोंद सुटतो, त्याला किडे लागतात, म्हणून बाजूने पिन. प्रत्येक "असं का" च्या मागे एक अडचण उभी आहे.

यातला मला सगळ्यात आवडलेला तपशील म्हणजे जोड्या. वरचं आणि खालचं पुस्तक एकाच गठ्ठ्यात बांधलं जाणार, म्हणजे दोघांची पानं सारखी भरायला हवीत. कुणीतरी एका कचेरीत बसून पानांचा अंदाज घेत असणार की या विनोदी पुस्तकाखाली कुठली खुनाची गोष्ट बसेल, या चरित्राच्या डोक्यावर कोणता कवितासंग्रह चालेल. कागद कापायच्या गिलोटीनचं पातं खाली येईपर्यंत दोन अनोळखी लेखक एका पाठीने जोडलेले. साहित्याची अशी लग्नं पत्रिका बघून नव्हे, पानं मोजून लागली.

काकांना हे सांगायला हवं होतं. नारायण पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. एक पायाने चालवायचं छपाईयंत्र म्हणजे ट्रेडल, एक कटिंग मशीन, छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या आणि कायम ओली असलेली फरशी. कामं म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्गणीची पावतीपुस्तकं, क्वचित एखाद्या हौशी कवीचा संग्रह. कागद म्हणजे पैसा, त्यामुळे एका कामाच्या कागदावर दुसरं काम बसवणं हे त्यांचं खरं कौशल्य. लग्नपत्रिकेच्या कडेला कुणाची तरी व्हिजिटिंग कार्डं. सगळं बसवूनही कटिंगमध्ये पट्ट्या उरायच्याच. त्या फेकायच्या नाहीत. सारख्या मापाच्या पट्ट्या एकत्र करायच्या, मागे पुठ्ठा, कडेला खळ, वर एखादं वजन ठेवून रात्रभर दाब. सकाळी पॅड तयार. आमच्या घरात कुणी कधी वही विकत आणली असेल तर ती शाळेसाठी. बाकी दुधाचा हिशेब, डॉक्टरांचा नंबर, पाहुण्यांच्या गाडीची वेळ, आत्याच्या सासूबाईंच्या पथ्याची यादी, सगळं त्या पॅडांवर. कधी ती बोटभर रुंद आणि वीतभर लांब असत, कधी जवळजवळ चौकोनी. पांढऱ्याच्या मधेच एखादं गुलाबी पान. कधी छापून वाया गेलेला कागद असला तर मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मुहूर्त, "आपले नम्र" आणि खाली कापलेली आडनावं.

त्या पॅडांचा आकार कुणी ठरवलेला नव्हता. जे उरलं तो आकार. काउबॉयची आडवी कादंबरीही तशीच, यंत्राने आणि टंचाईने मिळून कापलेली. भाच्याने आणलेली वही मात्र कुणीतरी ठरवून आडवी केली. तिच्या कारखान्यात कुठलंही मासिक मधून कापावं लागलेलं नाही. कागद हवा तेवढा होता. तो तपकिरी झालेला नाही, पिवळसर रंगाचाच बनवून घेतलेला आहे, आणि कदाचित शतकभर तसाच राहील.

हे लिहिताना माझा सूर जरा कडवट लागतोय याची मला कल्पना आहे, आणि तो पूर्ण खरा नाही. वही मला आवडते. फार आवडते. आडवं पान गुडघ्यावर नीट बसतं. मराठी लिहिताना हात शिरोरेघेच्या दिशेने पुढे जात राहतो आणि उभ्या छोट्या वहीत तो चार शब्दांत कडेला आपटतो. इथे वाक्य पुरं होईपर्यंत जागा असते. याद्यांना मात्र ती अगदी निरुपयोगी. "साबुदाणा" लिहिला की उजवीकडे मैदान रिकामं. त्यामुळे नकळत मी यादीऐवजी वाक्यं लिहायला लागलो. साबुदाणा कुठला आणायचा, गेल्या वेळचा का बिघडला, वगैरे. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार टाळ्या वाजवेल, साबुदाणा देणार नाही."

तर मूळ पुस्तकांकडे. ती टिकावीत अशी कुणाची इच्छाच नव्हती. प्रकाशकांनी सरकारला पुस्तकं जवळजवळ नफ्याशिवाय दिली, पण युद्ध संपल्यावर हाच कोट्यवधींचा साठा मायदेशी बाजारात आला तर आपलं दुकान बुडेल ही भीती होती. म्हणून ती परदेशातल्या सैनिकांसाठीच, विक्रीसाठी नाहीत. पातळ कागद, साधी पिन. काही हातांतून फिरून संपली की काम झालं. आणि सैनिकांनी ती तशीच वापरली. एकाचं वाचून झालेलं प्रकरण तो फाडून मागच्याला द्यायचा, मागचा त्याच्या मागच्याला, म्हणजे एकाच वेळी एक पुस्तक अनेकांना पुरायचं. शेवट सगळ्यात आधी कुणाच्या हातात आला असेल आणि त्याने तो इतरांना सांगून टाकला असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. प्रत्येक पलटणीत असा एक माणूस असणारच. 1944 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईला निघायच्या आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या तळांवर ही पुस्तकं वाटली गेली. बोटीत चढण्यापूर्वी ओझं कमी करायला माणसं बऱ्याच वस्तू मागे टाकत होती. पुस्तकं फारशी टाकली गेली नाहीत असं त्या वेळच्या नोंदी सांगतात. खिशाला ती जाणवतच नव्हती.

ज्या पुस्तकांना मरायला पाठवलं त्यांनी दुसऱ्यांना जगवलं, हा त्यातला विचित्र भाग. "द ग्रेट गॅट्सबी" ही कादंबरी 1925 मध्ये आली तेव्हा ती फारशी चालली नव्हती, आणि लेखक 1940 मध्ये वारला तेव्हा जवळपास विस्मरणात गेला होता. युद्धात तिच्या 1,55,000 प्रती सैनिकांच्या खिशात गेल्या. पुढच्या पिढीने ती डोक्यावर घेतली त्यात त्या प्रतींचा वाटा मानतात. ब्रुकलिनमधल्या गरीब घराची गोष्ट लिहिणाऱ्या बेटी स्मिथबाईंना तर सैनिकांची इतकी पत्रं यायची की उत्तरं देणं हेच एक काम होऊन बसलं. खंदकातल्या मुलाला वेगळ्या जगात नेणारं काहीतरी हवं असेल असं आपण धरून चालतो. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याच गल्लीतलं, आपल्याच जिन्यावरचं वाचायचं होतं.

आता मला खटकलेली गोष्ट. त्या काळच्या अमेरिकन सैनिकाला आघाडीवर डायरी ठेवायची मनाई होती. तो पकडला गेला किंवा मारला गेला तर वहीतल्या नोंदी शत्रूच्या हातात पडणार. कुठे होतो, किती होतो, कुठे निघालो. म्हणजे खिशात छापील पुस्तक चालेल, कोरी वही नाही. नियम होता तसे तो मोडणारेही होते. यूजीन स्लेज नावाचा अमेरिकन मरीन सैनिक पॅसिफिकमध्ये पेलेलिऊ आणि ओकिनावा या बेटांवर लढला. त्याने आपल्या नोंदी खिशातल्या बायबलच्या छोट्या नव्या कराराच्या प्रतीत लपवून ठेवल्या आणि त्यांच्या आधारावर 1981 मध्ये आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. पॅसिफिकच्या युद्धाविषयी इतकं नागडं आणि इतकं शांतपणे लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय. त्याच्याकडे वही असती तर ती जप्त झाली असती. पुस्तक होतं म्हणून नोंदी वाचल्या.

आणि माझ्या खिशात पुस्तकाचा वेश घेतलेली वही. तेव्हा हाच वेश एखाद्या सैनिकाला किती उपयोगी पडला असता! मुखपृष्ठ काउबॉयचं, आत कोरी पानं. ज्यांनी ही वही आखली त्यांच्या डोक्यात हे आलं असेल की नाही कोण जाणे. पट्ट्यावरच्या मजकुरात याचा उल्लेख नव्हता. तिथे वीर, आठवणी आणि कागदाचा दर्जा एवढंच होतं.

आपल्याकडचे लोकही त्या युद्धात होते. मराठा रेजिमेंटच्या पलटणी इटलीत वर्षभराहून अधिक काळ लढल्या. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. आजोळी, साताऱ्याकडच्या गावात, त्याच आघाडीवरून परतलेले एक आजोबा शेजारी राहायचे. सगळा गाव त्यांना सुभेदार म्हणायचा. युद्धाविषयी विचारलं की ते थंडीविषयी बोलायचे. थंडी, चिखल, आणि डब्यातलं काय खाल्लं. फौजेत त्यांना रोमन लिपीतली उर्दू शिकवली होती, त्यामुळे ते इंग्रजी अक्षरं वाचायचे पण इंग्रजी नाही, आणि टपालाच्या पाकिटावरचा पत्ता बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. कादंबऱ्या त्यांच्या खिशात कधी नव्हत्या. पण त्यांच्या ट्रंकेत एक खिशाएवढं पुस्तक होतं. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं सरकारी पुस्तक. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमालाला गाठ. पेन्शनचं काही अडलं की ते तसंच काढून साताऱ्याला घेऊन जायचे, आणि साहेबाच्या टेबलावर गाठ सोडायचे. आम्हा मुलांना त्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यातलं एक पान फाटलं असतं तर एक माणूस सरकारदरबारी नाहीसा झाला असता.

अमेरिकन पुस्तकं फाडून वाटून टाकण्यासाठी आणि हे पुस्तक मरेपर्यंत जपण्यासाठी, दोन्ही एकाच लढाईच्या एकाच मापाच्या खिशांतली. या दोन्हींतलं नक्की काय माझ्या नव्या वहीत आलंय याचा विचार करत बसलो की मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं आलंय आणि नीट एकही नाही. तिचं पान फाडून द्यावं तर जोडीचं पान सुटतं. जपून ठेवावी असं तिच्यात काही लिहिलेलं नाही.

इंग्लंडमध्येही टंचाईने पुस्तकांची तोंडं बदलली होती. कागदावर रेशन आलं, आणि 1942 पासून काटकसरीच्या नियमांत बसणाऱ्या पुस्तकांवर पुस्तकावर बसलेल्या सिंहाचा छोटा शिक्का छापला जाऊ लागला. अरुंद समास, दाटीवाटीचा टाइप, करडा कागद. पेंग्विनच्या त्या वेळच्या पुस्तकांत वाचकांना विनंती असे की वाचून झालं की हे पोस्टात नेऊन द्या, फौजेतल्या लोकांना वाचता येईल. मला तो समास फार ओळखीचा वाटतो. काका कवितासंग्रह छापत तेव्हा कवी म्हणे, "जरा मोकळं दिसू द्या", आणि काका म्हणत, "मोकळं दिसायला कागद लागतो, पैसे भरा." आता परिस्थिती उलटी झाली आहे. दाटीवाटी, करडा कागद, उघड्या पिना, ठसठशीत शिक्के हे सगळं महाग वस्तूंवर दिसतं. ज्यांनी टंचाई पाहिली त्यांच्या घरात आता चकचकीत लॅमिनेशनची हौस आहे. ज्यांनी पाहिली नाही ते करड्या कागदाला जास्त पैसे मोजतात. मी दोन्हींच्या मधला. मला काकांच्या पॅडांची आठवण येते, पण ते पॅड आज कुणी पुढे केले तर मी पाहुण्यांसमोर वापरीन की नाही, सांगता येत नाही.

वही बनवणाऱ्यांची बाजूही घ्यायला हवी. बाजूने पिन मारली असती तर वही सपाट उघडली नसती. वाचायच्या पुस्तकाला ते चालतं, एका अंगठ्याने दाबून धरलं की झालं. लिहायच्या वहीला ते भोवतं. डावीकडच्या पानावर हात टेकत नाही आणि अक्षर घळीत उतरतं. म्हणजे त्यांनी तोंड पुस्तकाचं घेतलं आणि हाडं वहीची ठेवली, आणि धंद्याच्या दृष्टीने बरोबर तेच केलं. छापखान्यात वाढलेला कुणीही तेच सुचवेल. काकांनीही तेच सुचवलं असतं, आणि मग विचारलं असतं की एवढा कोरा कागद बांधून विकायला त्यांना लाज कशी वाटली नाही.

तरी सुटलेलं पान परत लावायचं होतं. डिंक काढला, पुन्हा ठेवला. मग टेबलाच्या खणातला मोठा स्टेपलर घेतला आणि बंद वहीच्या डाव्या कडेला, बाजूने, दोन पिना ठोकल्या. मुखपृष्ठावरच्या त्या सुबक रंगीत पट्टीच्या ऐन मधून. आता वही सपाट उघडत नाही. अक्षर घळीत उतरतं, डावीकडचं पान निम्मं वाया जातं, आणि दिसायला ती फुटपाथवरच्या त्या काउबॉयच्या बरीच जवळ गेली आहे. पान मात्र कुठलंही फाडता येतं, दुसरं जागचं हलत नाही. बँकेत, बसस्टॉपवर, पार्किंगवाल्याला नंबर लिहून द्यायला अशी बरीच गेली. वही अर्ध्याहून बारीक झाली आहे, आणि त्यातलं बरंचसं मी लिहिलेलंच नाही.

या सगळ्याचा फोटो भाच्याला पाठवला तर तो आधी पिना पाहून हळहळला. मग आठवड्याने त्याचा फोन आला, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. तिथे त्याला खरीखुरी आडवी पुस्तकं मिळाली होती, एका खोक्यात काही. मरायला पाठवलेली, न मेलेली. गंमत म्हणजे एका प्रतीची किंमत तीन नव्या वह्यांच्या संचापेक्षा थोडी कमीच होती. "मामा, एक काउबॉयवालं आहे, एक काहीतरी समुद्राचं. कुठलं घेऊ?" मी म्हटलं, काउबॉय नको, ते मी वाचलंय. समुद्राचं घे. पण आधी आतलं मुखपृष्ठ आणि शेवटची पानं उघडून बघ, कडेला कुणी पेन्सिलीने काही लिहिलंय का. तो बघतो म्हणाला. पलीकडून पानांचा आवाज येत होता आणि दुकानदार काहीतरी बोलत होता. "अरे, आणि जपून," मी म्हटलं, "कडा तुटतात. आणि बारा सांगत असेल तर दहाला मागून बघ."